आधी आकाश, मग आकृती : उच्च प्राथमिक स्तरावरील खगोलशिक्षणाची समीक्षा (रत्नागिरीच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

उच्च प्राथमिक इयत्तांतील विद्यार्थ्यास सूर्यमालेतील ग्रहांची नावे विचारली असता तो ती बहुधा अचूक क्रमाने सांगतो. शनीला कडी आहेत, गुरू सर्वांत मोठा आहे, मंगळ तांबडा आहे, ही माहितीही त्याच्यापाशी असते. मात्र काल सायंकाळी चंद्र आकाशाच्या कोणत्या बाजूस होता, तो दिवसा कधी दिसतो का, किंवा शाळेच्या ध्वजस्तंभाची माध्यान्हीची सावली जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये एकाच दिशेस पडते का, असे प्रश्न विचारले की तोच विद्यार्थी अडखळतो. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची आकाशात. या दोहोंमध्ये पडलेले अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या शालेय खगोलशिक्षणाचा मुख्य दोष माहितीच्या उणिवेचा नसून क्रमाचा आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. सूर्य मध्यभागी आणि त्याभोवती फिरणारे ग्रह ही आकृती मानवास फार उशिरा गवसलेले उत्तर आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीची कित्येक शतके माणूस आकाश पाहत होता, नोंदी ठेवत होता आणि त्या नोंदींतून त्याला प्रश्न पडत होते. आपण मुलांना उत्तर प्रथम देतो आणि प्रश्न बहुधा देतच नाही. परिणामी सूर्यमाला ही आपल्या डोक्यावर दिसणाऱ्या आकाशाचे स्पष्टीकरण न राहता भिंतीवरील एक स्वतंत्र तक्ता होऊन बसते. या प्रतिपादनाची तपासणी एका विशिष्ट भूभागाच्या, म्हणजे रत्नागिरीच्या, संदर्भात केली आहे. त्यामागे स्थानिक अभिमान नसून खगोलशास्त्राचे स्वरूपच कारणीभूत आहे, कारण निरीक्षण नेहमी कोणत्या तरी ठिकाणाहूनच करावे लागते.

एका शिक्षकाचा वारसा

रत्नागिरी जिल्ह्यास खगोलविषयक लेखनाची उज्ज्वल परंपरा आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला. त्यांचा ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. वसंतसंपात एके काळी मृग नक्षत्रात होता, या अनुमानावर त्यांनी वेदकालनिर्णयाची मांडणी केली. तिचे निष्कर्ष सर्वमान्य झालेले नाहीत. तथापि ताऱ्यांच्या स्थितीवरून काळाविषयी प्रश्न विचारता येतो, हे त्या ग्रंथाने मराठी सुशिक्षितांच्या मनावर ठसवले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांचे आहे. दापोली तालुक्यातील मुरूड हे त्यांचे जन्मगाव. ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा त्यांचा १८९६ सालचा ग्रंथ आजही प्रमाणभूत मानला जातो. दीक्षित हे पेशाने शिक्षक होते आणि शिक्षक घडविणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजातही त्यांनी अध्यापन केले, ही बाब मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही. सामान्य वाचकासाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक लिहिले आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे पर्यायी नाव दिले.

हे पर्यायी नाव म्हणजे एक अध्यापनविचार आहे, असे म्हणता येईल. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे दोन घटका अठ्ठेचाळीस मिनिटे. शाळेतील तासिकेहून हा अवधी फारसा मोठा नाही. भेद आहे तो ‘रात्रीची’ आणि ‘मौज’ या दोन शब्दांत. खगोलाचा अभ्यास आकाश दिसत असताना करावयाचा आणि तो आनंदाने करावयाचा, ही भूमिका त्यात गृहीत आहे. आपली तासिका दिवसा भरते आणि तिच्या शेवटी स्वाध्याय असतो. दीक्षितांचे पुस्तक बालवाचकांसाठी नव्हते, आणि त्यांच्या वाचकाला तिथी व नक्षत्रे घरातूनच परिचित होती, हेही मान्य केले पाहिजे. आज तो परिचय विरळ झाला आहे आणि शहरांतील दिव्यांमुळे आकाशही फिकट झाले आहे. म्हणून त्यांचे पुस्तक जसेच्या तसे वर्गात आणण्याचा प्रश्न नाही. प्रश्न त्यांच्या क्रमाचा आहे.

त्या क्रमाचे एक उदाहरण पुरेसे आहे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा आशयाचा शतपथ ब्राह्मणातील उल्लेख दीक्षितांनी हेरला आणि त्यावरून त्या वचनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. या कालनिर्णयावर मतभेद आहेत. परंतु कृत्तिका क्षितिजावर नेमक्या कोठे उगवतात, हा प्रश्न आठवीचा विद्यार्थीही विचारू शकतो. नोव्हेंबरमधील सायंकाळी त्याने पूर्व क्षितिजाकडे पाहिले, तर कृत्तिका ठीक पूर्वेस न उगवता सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवताना त्यास दिसतील. अक्षाची परांचन गती ही संज्ञा त्यानंतर सांगितली, तर तिला काही अर्थ प्राप्त होईल.

पाठ्यपुस्तके : गुण आणि मर्यादा

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने २०१५ ते २०१८ या काळात पाचवी ते आठवीची जी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली, त्यांचा या दृष्टीने विचार करणे उचित ठरेल. त्यांवर सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल. सातवीच्या भूगोलात ‘ऋतुनिर्मिती’ हा विषय दोन भागांत विभागला आहे. पहिला भाग पुस्तकाच्या आरंभी आणि दुसरा बऱ्याच पाठांनंतर येतो, जेणेकरून मधल्या काळात विद्यार्थ्यांनी निरीक्षणे करावीत. आधी नोंद आणि मग उलगडा, हा क्रम येथे जाणीवपूर्वक स्वीकारलेला दिसतो. सातवीच्या विज्ञानातील ‘तारकांच्या दुनियेत’ हा पाठही क्षितिज, ऊर्ध्वबिंदू, आयनिकवृत्त अशा पाहणाऱ्याच्या बाजूने घडविलेल्या संकल्पनांची ओळख करून देतो. ही दोन्ही उदाहरणे स्तुत्य आहेत.

मर्यादा दिसते ती सर्वसाधारण मांडणीत. पाचवीच्या परिसर अभ्यासाचा पहिलाच पाठ पृथ्वी आणि सूर्यमालेचा आहे. म्हणजे सूर्योदयाची जागा वर्षभरात बदलते हे पाहण्यापूर्वीच विद्यार्थी सूर्यमालेच्या बाहेर जाऊन उभा राहतो. विज्ञानाच्या पुस्तकांत सहावी, सातवी आणि आठवी या तिन्ही इयत्तांचा खगोलाचा पाठ पुस्तकाच्या अखेरीस येतो. त्या वेळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोकणातील आकाश निरभ्र असते आणि मृग नक्षत्र सायंकाळी उंचावर असते. परंतु शाळेत तो काळ उजळणीचा आणि परीक्षेचा असतो. आकाश अनुकूल असताना वेळापत्रक प्रतिकूल असते.

याहून गंभीर मर्यादा प्रमाणाची आहे. सूर्यमालेच्या आकृतीत ग्रहांचे आकार आणि त्यांची परस्परांतील अंतरे एकाच प्रमाणात दाखविता येत नाहीत. पान पुरत नाही, हा चित्रकाराचा दोष नव्हे. पण ही अडचण विद्यार्थ्यास स्पष्टपणे सांगितली गेली नाही, तर चित्र हेच सत्य ठरते. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर असे प्रमाण घेतले, तर सूर्य सुमारे १४ सेंटिमीटर व्यासाचा होतो, म्हणजे एखाद्या शहाळ्याएवढा. पृथ्वी तेव्हा सव्वा मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी, आणि शहाळ्यापासून १५ मीटर दूर. तिच्यापासून चंद्र चार सेंटिमीटरांहून थोडा कमी अंतरावर. गुरू करवंदाएवढा आणि ७८ मीटरांवर, तर नेपच्यून ४५० मीटरांवर. वर्गात ही सूर्यमाला मावत नाही, पण भाट्याच्या किनाऱ्यावर सहज मावते. याच प्रमाणात सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४,००० किलोमीटरांवर येतो, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहूनही दूर. शहाळे, मोहरी आणि करवंद हातात घेऊन वाळूवर चाललेल्या विद्यार्थ्यास अवकाशातील ‘अवकाश’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

२४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्राग येथे ग्रहाची व्याख्या निश्चित केली आणि प्लूटो ग्रहांच्या यादीतून वगळला गेला. आपल्या वर्गांत हा बदल बव्हंशी ‘नऊऐवजी आठ’ एवढ्या दुरुस्तीने पोहोचला. वास्तविक विज्ञानात वर्गीकरण कसे ठरते आणि का बदलते, हे शिकविण्याची ती दुर्मीळ संधी होती. यादी पाठ करण्याची सवय जडली की नवीन ज्ञानसुद्धा केवळ यादीतील खाडाखोड म्हणून येते.

रत्नागिरीचे आकाश : चार प्रश्न

निरीक्षणापासून आरंभ करावयाचा तर कोणत्या निरीक्षणांपासून, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. रत्नागिरीच्या शाळेस दुर्बीण न घेता विचारता येतील असे चार प्रश्न पुढे मांडले आहेत.

पहिला प्रश्न सावलीचा. माध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो, असे आपण सहज म्हणतो. रत्नागिरीचे अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर असल्याने सूर्य येथे खऱ्या अर्थाने डोक्यावर येतो तो वर्षातून केवळ दोन दिवस, ७-८ मे आणि ४-५ ऑगस्टच्या सुमारास. एरवी एक मीटर उंचीच्या काठीची माध्यान्हीची सावली २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेस सुमारे ८५ सेंटिमीटर पडते, संपातदिनी सुमारे ३१ सेंटिमीटर, आणि २१ जूनच्या सुमारास ती चक्क दक्षिणेस सुमारे ११ सेंटिमीटर पडते. दिशा बदलणारी ही सावली पृथ्वीच्या अक्षाच्या कलण्याचा पुरावा आहे. शिवाय ही माध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, तर रत्नागिरी सुमारे सव्वात्र्याहत्तर अंशांवर. त्यामुळे येथील माध्यान्ह वर्षभरात साधारण १२ वाजून २० मिनिटे ते १२ वाजून ५० मिनिटे या दरम्यान सरकत राहते. ही वेळ शाळेच्या वेळेत येते, हा मोठाच लाभ आहे.

दुसरा प्रश्न सूर्यास्ताचा. पश्चिमेस मोकळा समुद्र असलेल्या गावास क्षितिज आयते मिळाले आहे. डिसेंबरपासून जूनपर्यंत येथे सूर्यास्ताची जागा क्षितिजावर सुमारे ४९ अंश सरकते, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत सुमारे दोन तासांचा फरक पडतो. सूर्य पश्चिमेस मावळतो, हे वाक्य काटेकोरपणे वर्षातील दोनच दिवशी खरे ठरते, हे ज्याने स्वतः पाहिले त्यास ऋतूंचे कारण ‘पृथ्वी सूर्याजवळ येते’ असे वाटणार नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपल्या थंडीत, ही माहिती मग त्याच्या निरीक्षणाशी जुळते.

तिसरा प्रश्न मृगाचा. कोकणातील शेतकऱ्याचे पावसाळ्याचे गणित नक्षत्रांवर चालते. ७-८ जूनच्या सुमारास मृग निघतो, पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. शेतकरी कुटुंबातील मुलास ही नावे ठाऊक असतात. पण ज्या मृगाने पाऊस सुरू होतो, तो मृग जूनच्या रात्री दिसत का नाही, आणि जानेवारीत जेवणानंतर अंगणात आले की व्याधासह ठळकपणे कसा दिसतो? जूनमध्ये सूर्य आकाशाच्या त्याच भागात असतो, म्हणून ते तारे दिवसाच्या उजेडात लपलेले असतात. सहा-सात महिन्यांनी पृथ्वी आपल्या कक्षेच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूस गेलेली असते आणि मृग रात्रीच्या आकाशात येतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे वाक्य याहून सोप्या आणि याहून घरगुती पुराव्याने शिकविता येणे कठीण आहे. घरातील शब्द आणि पुस्तकातील आकृती यांची गाठ येथे पडते. आज ती पडत नाही, कारण ‘मृगाचा पाऊस’ हा शेतीचा विषय आणि ‘परिभ्रमण’ हा भूगोलाचा विषय, अशी विभागणी आपण करून टाकली आहे.

चौथा प्रश्न भरतीचा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, आणि चंद्रही रोज सरासरी तितकाच उशिरा उगवतो. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तरी वर्गातील चर्चा सुरू होईल. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, असा आडाखा कोकण किनाऱ्यावर प्रचलित आहे. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. मिरकरवाड्यातील मच्छीमार कुटुंबातील मूल हा आडाखा जाणत असेल, तर त्यास चंद्राच्या गतीचे एक व्यावहारिक गणित आधीच अवगत आहे. पाठ्यपुस्तकातील ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ या संज्ञा मुळात किनाऱ्यावरच्याच भाषेतील आहेत. असे असूनही परीक्षेत गुण मिळतात ते आकृतीला नावे दिल्याबद्दल, उधाण कधी येईल हे सांगता आल्याबद्दल नव्हे. ज्या मुलाच्या घरी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याच मुलास ‘विज्ञानात कच्चा’ ठरविणारी ही व्यवस्था आहे. केवळ अध्यापनशास्त्राच्या नव्हे, तर न्यायाच्या दृष्टीनेही तिचा पुनर्विचार आवश्यक ठरतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परंपरेतील सर्वच विज्ञान नव्हे. नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस यावरून पावसाचे प्रमाण सांगणे, किंवा ग्रहणकाळात अन्न दूषित होते असे मानणे, यांस निरीक्षणाचा आधार नाही. सूर्याची नक्षत्रातील स्थिती हे निरीक्षण आहे, वाहन ही कल्पना आहे. हा भेद शिक्षकाने वर्गात मुलांकरवीच करून घेतला पाहिजे. एका पावसाळ्यात प्रत्येक नक्षत्राच्या काळातील पाऊस मोजून वाहनाशी ताडून पाहिला, तर वैज्ञानिक दृष्टिकोनावरील व्याख्यानाची आवश्यकता उरणार नाही.

मराठी पूरक वाङ्‌मय

पाठ्यपुस्तकाबाहेरील मराठी खगोलवाङ्‌मय संख्येने आणि गुणवत्तेने कमी नाही. प्रा. मोहन आपटे (१९३८–२०१९) हे मूळचे राजापूर तालुक्यातील कुवेशीचे. ‘मला उत्तर हवंय’ या त्यांच्या पुस्तकमालेने प्रश्नोत्तराचे रूप स्वीकारले. मुलाच्या प्रश्नास प्रतिष्ठा देणारे हे रूप निःसंशय मोलाचे आहे. मात्र प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर असल्याने, उत्तर शोधण्यासाठी अंगणात जाण्याची गरज वाचकास उरत नाही. ही लेखकाची उणीव नसून छापील प्रश्नोत्तराच्या रूपाचीच मर्यादा आहे, आणि शिक्षकाने ती ओळखून पुस्तकाचा उपयोग केला पाहिजे.

डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचा ‘आकाशाशी जडले नाते’ हा ग्रंथ मराठीत खगोलशास्त्राचे विस्तृत दर्शन घडवितो. तो सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यास बराच पुढचा आहे, पण शिक्षकास तो अनिवार्य मानला पाहिजे. नारळीकरांच्या ग्रंथांइतकाच त्यांचा एक परिपाठ या चर्चेत महत्त्वाचा वाटतो. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करीत. तीत मुलाला आधी प्रश्न शोधावा लागे, तो नेमक्या शब्दांत मांडावा लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला हा काळ शिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाचा होता. आपल्या स्वाध्यायांत नेमका हाच काळ नाहीसा झाला आहे.

एक स्थानिक अडचण

निरीक्षणाधारित अध्यापनाविरुद्ध शिक्षकांकडून येणारे आक्षेप निराधार नाहीत. वेळ अपुरा असतो, मुलांना रात्री एकत्र जमविणे जबाबदारीचे असते, आणि कोकणात तर आकाशच चार महिने झाकलेले असते. शेवटच्या आक्षेपाचे उत्तम उदाहरण शून्य सावलीचेच आहे. रत्नागिरीतील मे महिन्याचा शून्य सावली दिवस उन्हाळ्याच्या सुटीत येतो आणि ऑगस्टमधील दिवस पावसात. म्हणजे येथील विद्यार्थ्यास शाळेत हा दिवस अनुभवण्याची शक्यता जवळजवळ नाही. वर्षारंभी जूनमध्ये सूर्योदय-सूर्यास्ताच्या नोंदी घेण्याचा कोणताही उपक्रम येथे ढगांतच अडकणार.

परंतु या अडचणीतून निघणारा निष्कर्ष निरीक्षण सोडून देण्याचा नाही, तर निरीक्षणाचे वेळापत्रक स्थानिक असावे असा आहे. ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने रत्नागिरीत आकाशाचे सत्र मानावे. माध्यान्हीची सावली दर पंधरवड्यास एकदा मोजण्यास दहा मिनिटे पुरतात. शुक्ल पक्षातील चंद्र दुपारपासूनच दिसू लागतो, त्याची नोंद शाळा सुटताना घेता येते. सूर्यास्त आणि मृग घरच्या माणसांसोबत पाहता येतात, त्यासाठी शाळेने रात्री मुलांना बोलाविण्याचे कारण नाही. भरतीच्या नोंदी तर पावसाळ्यातही सुरक्षित अंतरावरून ठेवता येतील. आणि सुटीतील ७-८ मे हा दिवस गृहपाठ म्हणून द्यावा. ज्याने वर्षभर सावली मोजली, तो त्या दिवशी आपणहून काठी घेऊन अंगणात उभा राहील.

समारोप

उपर्युक्त विवेचनाचे सार असे. आपल्या उच्च प्राथमिक खगोलशिक्षणात माहिती पुरेशी आहे, काही पाठांची रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि मराठीतील पूरक वाङ्‌मय समृद्ध आहे. उणीव आहे ती पाहण्याच्या आणि सांगण्याच्या क्रमात, तसेच सर्व राज्यासाठी एकच आकाश गृहीत धरण्यात. या उणिवेचे परिमार्जन खर्चिक साधनांनी होणार नाही. एक काठी, एक वही, मोकळे क्षितिज आणि घरातील वडीलधाऱ्यांचे शब्द एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील भागात उतरले, तेव्हा असंख्य शाळांनी ते दृश्य पडद्यावर दाखविले. तो अभिमानाचा क्षण होता. त्याच सायंकाळी आकाशातील चंद्र कोणत्या कलेचा होता, हेही मुलांना विचारले गेले असते, तर पडद्यावरील चंद्र आणि अंगणातील चंद्र एकच आहे याची ओळख त्यांना पटली असती.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रात्रीच्या दोन घटका मागितल्या होत्या. आजच्या शिक्षकाकडून तेवढ्याही मागण्याची गरज नाही. माध्यान्हीची दहा मिनिटे दिली, तरी त्या दोन घटका मुले घरी स्वतःहून काढतील.